चार बांध मोजले, तरी शेत मोजलं नाही

समजा, कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात, पिंपोड्याच्या शिवारात, दोन भावांची वाटणी झाली. घेवड्याचं चांगलं रान. थोरल्याच्या वाट्याला आलेल्या तुकड्याचे लांबीचे दोन्ही बांध 80 मीटर, रुंदीचे दोन्ही 50 मीटर. धाकट्याच्या तुकड्याचेही तेवढेच. भावकीतल्या चार जाणत्यांनी टेपची दोन टोकं धरून आठही बांध मोजले, सगळ्यांसमोर आकडे वाचले, कुणाची तक्रार उरली नाही. पुढे सरकारी मोजणी झाली आणि सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावे 0.40.00 आलं, धाकट्याच्या नावे 0.32.00. म्हणजे थोरल्याला 40 आर, धाकट्याला 32.

"आण्णा, बांध तेवढंच, मग माझं आठ आर गेलं कुठं?"

आण्णांनी खाल्लं नाही, तलाठ्यानं चुकवलं नाही, मोजणीदारानंही हात मारला नाही. तिन्ही आकडे बरोबर आहेत: बांध सारखे, एक शेत 40 आर, दुसरं 32 आर. गावोगावच्या वाटण्यांत, कोर्टकचेऱ्यांत हे कोडं या ना त्या रूपात येतं. ते सोडवायचं तर क्षेत्रफळ म्हणजे नेमकं काय इथपासून सुरुवात करावी लागते. शाळेत आपण 'लांबी गुणिले रुंदी' एवढं पाठ करतो आणि पुढच्या धड्याला लागतो. घोळ त्या घाईतच आहे.

शेताचं फळ

क्षेत्रफळ हा शब्द आपण अख्खा गिळतो, फोडून पाहत नाही. त्यातलं 'क्षेत्र' म्हणजे मुळात शेतच. संस्कृतातल्या क्षेत्राचं प्राकृतात 'छेत्त' झालं आणि त्यातून मराठीतलं 'शेत' आलं. दुसऱ्या वाटेनं 'खेत्त' होऊन हिंदीतलं 'खेत' आलं. साताऱ्याहून कोरेगावकडे येताना लागणाऱ्या क्षेत्र माहुलीतलं 'क्षेत्र' हेही त्याच शब्दाचं सोवळं नेसलेलं रूप. जमिनीचा आखलेला, हद्द ठरलेला तुकडा हा त्याचा गाभा. जुन्या गणितींनी मग कुठल्याही बंद आकृतीला क्षेत्र म्हणायला सुरुवात केली. त्रिकोण हे क्षेत्र, वर्तुळ हेही क्षेत्र. चौकोनाच्या खालच्या बाजूला ते 'भूमी' म्हणत, वरच्या बाजूला 'मुख', कडेच्या बाजूंना 'भुज'. कागदावरची आकृती काढतानाही त्यांच्या डोळ्यांपुढे जमीन होती, असं मानायला हरकत नाही.

'फळ' मात्र फसवं आहे. ते शेतात पिकणारं फळ नव्हे. गणितात फळ म्हणजे हिशेबाअंती हाती येणारं ते. त्रैराशिकात जुनी नावं अशी: प्रमाण, फल, इच्छा. पाच शेर घेवड्याला इतके पैसे, तर बारा शेराला किती? इथे पाच शेर हे प्रमाण, त्याचे पैसे हे फल, बारा शेर ही इच्छा. आणि जे उत्तर निघतं ते इच्छाफल. आर्यभटानं 499 साली त्रिकोणाचं क्षेत्रफळ सांगताना 'फल' हाच शब्द वापरला. घनफळ, पृष्ठफळ ही त्याचीच भावंडं.

म्हणजे क्षेत्रफळ हा हिशेब करून काढलेला निकाल आहे. बांधाला टेप लावला की लांबी मिळते. क्षेत्रफळाला लावता येईल असा टेप जगात नाही. ते दरवेळी लांब्यांवरून काढावं लागतं. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की कुठल्या लांब्या घ्यायच्या.

गुणाकार येतो कुठून?

थोरल्याच्या शेतावर 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद अशा चौरसांची आखणी करू. एका चौरसात 100 चौरस मीटर जमीन मावते आणि तिलाच एक आर म्हणतात. 80 मीटरच्या बांधाला लागून असे 8 चौरस एका ओळीत बसतात. रुंदी 50 मीटर, म्हणून अशा 5 ओळी. 8 पाचे 40. गुणाकार येतो तो इतक्या साध्या कारणानं: एका ओळीत किती आणि ओळी किती.

जाता जाता एक सूचना. '10 चौरस मीटर' आणि '10 मीटर चौरस' हे दोन वेगळे बोल आहेत. पहिला म्हणजे एक मीटरचे 10 चौरस. दुसरा म्हणजे 10 मीटर बाजूचा एक चौरस, ज्यात 100 चौरस मीटर येतात. प्लॉटच्या व्यवहारात ही गफलत चांगल्या शिकलेल्यांकडूनही होते. 'चौरस' हा शब्द 'चतुरस्र' म्हणजे चार कोपऱ्यांचा, यावरून आला.

आता ओळी मोजण्याच्या या पद्धतीत एक अट लपलेली आहे. पुढची ओळ मागच्या ओळीला अगदी काटकोनात चिकटून बसली पाहिजे. रुंदी म्हणजे कडेच्या बांधाची लांबी नव्हे; समोरासमोरच्या दोन बांधांमधलं सरळ, आडवं अंतर. थोरल्याच्या शेताचे कोपरे काटकोनी असल्यानं कडेचा बांध आणि हे अंतर एकच, 50 मीटर. धाकट्याचं शेत तिरपं आहे.

तिरपी झालेली बाज

अंगणातली जुनी बाज आठवा. खुरांच्या खाचा ढिल्या झाल्या की ती एका अंगाला कलते. चारही कडा होत्या तेवढ्याच लांबीच्या राहतात, तसूभरही कमीजास्त होत नाहीत, पण मधली झोपायची जागा आक्रसते. आणखी रेटलं तर दोन लांब कडा एकमेकींना भिडतील आणि मध्ये काहीच उरणार नाही. म्हणजे त्याच चार कडांत पूर्ण बाजेएवढी जागाही मावते आणि शून्यही मावतं.

धाकट्याचं शेत असंच कललेलं आहे. त्याचा कडेचा बांध 50 मीटर खरा, पण तो तिरका जातो. 80 मीटरच्या दोन बांधांमधलं सरळ अंतर मोजलं तर 40 मीटर भरतं. आता शेताच्या एका टोकाला तिरका उरलेला त्रिकोणी तुकडा मनातल्या मनात कापा आणि दुसऱ्या टोकाला नेऊन लावा. नीट काटकोनी शेत तयार होईल: 80 मीटर लांब, 40 मीटर रुंद. 8 चौरसांच्या 4 ओळी. 8 चोक 32. धाकट्याचे आठ आर कुठे गेले नाहीत. ते त्याच्या बांधांच्या आत कधी नव्हतेच.

दोन्ही बाजूंची सरासरी: जुनी खोड

शेत इतकं नीटनेटकं नसतं, चारही बांध वेगवेगळे असतात, तेव्हा लोक काय करतात? समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढतात आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करतात. कोरेगावातच नव्हे, कुठल्याही गावात हा हिशेब तोंडावर केला जातो. त्याचं वय मोठं आहे. इजिप्तमध्ये एडफूच्या देवळाच्या भिंतींवर देवाला दिलेल्या जमिनींची यादी कोरलेली आहे, तीत क्षेत्रफळं याच रीतीनं काढली आहेत. शेत त्रिकोणी असलं तर चौथा बांध शून्य धरून! आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं 628 साली ही रीत दिली, पण तिला स्वच्छपणे 'स्थूल' म्हटलं, म्हणजे ढोबळ. सोबत त्यानं 'सूक्ष्म' रीतही दिली. ती चारही बांधांच्या लांबीवरून क्षेत्रफळ काढते, पण चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर येत असतील तरच ती खरी ठरते. कुठल्या शेताचे कोपरे वर्तुळावर येतात?

स्थूल रीत नेहमी एकाच बाजूला चुकते, आणि हे लक्षात ठेवण्याजोगं आहे: चौकोन काटकोनी नसेल तर ती क्षेत्र जास्तच दाखवते, कमी कधी नाही. विकणाऱ्याला ती का आवडते हे वेगळं सांगायला नको.

भास्कराचार्यांचा पिशाच

या सगळ्या घोळावर सर्वांत तिखट बोलले ते भास्कराचार्य. सह्याद्रीच्या परिसरात राहणारे हे गणिती 1114 साली जन्मले आणि 1150 साली त्यांनी 'लीलावती' लिहिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळच्या पाटणे इथे मठ काढला, तिथला शिलालेख 1207 च्या सुमाराचा आहे. लीलावतीत चौकोनाच्या क्षेत्रफळाशी आल्यावर ते अडून बसतात. त्यांचं म्हणणं असं: चौकोनाच्या चार बाजू दिल्या तरी त्याचे कर्ण ठरत नाहीत, मग क्षेत्रफळ कसं ठरणार? समोरासमोरचे दोन कोपरे आत ढकलले की त्यांच्यामधला कर्ण आखडतो आणि दुसरा कर्ण लांबतो, बाजू मात्र त्याच राहतात. आपली बाजच! आणि मग ते ठणकावतात, की एखादा कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच. आणि जो त्याला उत्तर देतो तो त्याच्याहून मोठा पिशाच. गणिताच्या पुस्तकात इतका वैताग क्वचित वाचायला मिळतो.

त्यांनी वापरलेला एक चौकोन घेऊ. भूमी 60, मुख 25, दोन भुज 52 आणि 39. हा चौकोन ब्रह्मगुप्तापासून चालत आलेला आहे. आपण ही मापं मीटरमध्ये धरू आणि त्याचं शेत करू.

आधी स्थूल रीत. 60 आणि 25 ची सरासरी 42.5, 52 आणि 39 ची सरासरी 45.5. गुणाकार 1933.75 चौरस मीटर, म्हणजे 19 आरांहून थोडं जास्त.

आता मोजणीदाराप्रमाणे शेतातून तिरकी दोरी टाकू, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. हा कर्ण समजा 56 मीटर भरला. शेताचे दोन त्रिकोण झाले: एकाच्या बाजू 25, 39 आणि 56, दुसऱ्याच्या 60, 52 आणि 56. त्रिकोणाची बाज होत नाही. तीन काठ्या टोकाला बांधल्या की त्या कलत नाहीत, त्यांचा एकच आकार होतो. म्हणून त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की क्षेत्रफळ ठरतं. दोरीवर एका अंगाच्या कोपऱ्यातून सरळ लंब टाकला तर तो 15 मीटर येतो, दुसऱ्या अंगाचा 48. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया आणि लंब यांच्या गुणाकाराच्या निम्मं, कारण दोन सारखे त्रिकोण जोडले की कललेला चौकोन होतो आणि त्याचं गणित आपण वर केलंच आहे. 56 गुणिले 15, त्याचं निम्मं 420. 56 गुणिले 48, त्याचं निम्मं 1344. बेरीज 1764 चौरस मीटर. स्थूल हिशेबापेक्षा जवळजवळ 170 चौरस मीटर कमी, म्हणजे दीड गुंठ्याहून जास्त तफावत.

आणि तेच चार बांध ठेवून कर्ण 56 ऐवजी 40 मीटर भरला तर? पहिला त्रिकोण 468 चौरस मीटरचा होतो, दुसरा साधारण 1025 चा. बेरीज 1493. पावणेतीन आर आणखी गेले, एकाही बांधाची लांबी न बदलता.

तेव्हा वाटणीच्या दिवशी टेप हातात असेलच, तर चार बांध मोजून झाल्यावर पाचवं माप घ्यायला विसरू नये. एक कर्ण पुरतो. चौकोनाच्या पाच लांब्या कळल्या की पुढे वाद घालायला काही शिल्लक राहत नाही. आकडेमोड मोबाईलवर शाळकरी पोरगंही करून देईल.

गुणाकार बुक

भूमी अभिलेख खात्याच्या जुन्या दप्तरात हेच तर्कशास्त्र कागदावर उतरलेलं दिसतं. मुंबई इलाख्यातली पद्धतशीर मोजणी 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या हाताखाली सुरू झाली. साताऱ्याचं राज्य 1848 साली खालसा झाल्यावर ती या भागातही आली. शेतातून एक लांब सरळ रेषा धरायची, साखळीनं मोजत जायचं, आणि बांधाच्या प्रत्येक मोडणीपासून या रेषेवर लंब टाकून त्याची लांबी टिपायची. या टिपलेल्या कच्च्या नकाशाचं नाव 'टिपण'. लंबांमुळे शेताचे आपोआप त्रिकोण आणि दोन समांतर बाजूंचे चौकोन पडतात. ओढ्याच्या काठचा बांध वाकडातिकडा असला तर जवळजवळ जास्त लंब टाकायचे, एवढंच. मग एकेका तुकड्याचं क्षेत्रफळ काढून बेरीज मांडायची ज्या वहीत, तिचं नाव 'गुणाकार बुक'. नावात कसलाही थाट नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला क्षेत्रफळ म्हणजे काय ते पुरतं कळलं होतं.

आज साखळी गेली, रोव्हर आला. तो उपग्रहांच्या मदतीनं कोपऱ्यांची ठिकाणं टिपतो आणि क्षेत्रफळ यंत्रच काढून देतं. आतला हिशेब मात्र तुकडे पाडून बेरीज-वजाबाकी करण्याचाच आहे.

चौकट: सातबाऱ्याच्या आसपासची मापं

1 आर = 10 मी. × 10 मी. = 100 चौ. मी.
1 हेक्टर = 100 आर = 10,000 चौ. मी. = सुमारे 2.47 एकर
1 गुंठा = 33 फूट × 33 फूट = 1,089 चौ. फूट = सुमारे 101.17 चौ. मी.
1 एकर = 40 गुंठे = 43,560 चौ. फूट
सातबाऱ्यावर 0.32.00 म्हणजे 0 हेक्टर, 32 आर, 0 चौ. मी.

काठी, साखळी आणि खळं

मापांच्या नावांतही शेतच भरलेलं आहे. शिवकाळातली जमीनमोजणीची काठी पाच हात पाच मुठी लांबीची. 20 चौरस काठ्यांचा एक पांड, 20 पांडांचा एक बिघा. म्हणजे बिघा हा 20 काठ्या लांब आणि 20 काठ्या रुंद. मग इंग्रजांची साखळी आली. एडमंड गंटर या पाद्री-गणितज्ञानं 1620 साली 66 फुटांची साखळी योजली, कारण 10 चौरस साखळ्यांचा नेमका एक एकर होतो. इकडे तिच्या निम्म्या लांबीची, 33 फुटांची साखळी वापरात आली. ती लांब आणि तेवढीच रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. गुंठा 33 फुटांचा का, या प्रश्नाचं उत्तर लंडनमधल्या साखळीत आहे. आपल्या लोकांनी मात्र ती साखळी रुपयासारखी वागवली, तिचे 16 आणे पाडले; जमिनीच्या हिशेबातही 16 आण्यांचा गुंठा धरला.

एकर हा शब्दही मूळचा शेत याच अर्थाचा. जुन्या इंग्रजीतलं त्याचं रूप, लॅटिनमधलं 'आगेर' आणि वेदातलं 'अज्र' ही एकाच घराण्यातली. बैलजोडी दिवसभरात नांगरेल तेवढी जमीन म्हणजे एकर, असा त्याचा जुना माग लागतो.

सगळ्यांत गंमत आहे ती 'आर'ची. सातबाऱ्यावरचा हा कोरडा, सरकारी वाटणारा शब्द फ्रान्सच्या 7 एप्रिल 1795 च्या कायद्यातून आला. तिथल्या क्रांतिकारकांनी नवी दशमान मापं ठरवताना जमिनीच्या मापासाठी लॅटिनमधला 'आरेआ' शब्द घेतला. इंग्रजीत क्षेत्रफळाला वापरतात तो 'एरिया'ही हाच. रोमन शेतकऱ्याच्या तोंडी आरेआ म्हणजे मोकळी, सपाट केलेली जागा, आणि विशेषतः धान्य मळायची जागा. म्हणजे खळं! कोरेगावचा शेतकरी सातबाऱ्यावर 32 आर वाचतो तेव्हा शब्दशः 32 खळी वाचत असतो. हेक्टरमधलं 'हेक्ट' ग्रीकमधल्या शंभरावरून आलं, तेव्हा हेक्टर म्हणजे शंभर खळी. पूर्वी दर सुगीला शेण-मातीनं सारवून, मधे तिवडा रोवून खळं तयार करणाऱ्यांना हे कुणी सांगितलं असतं तर दशमान पद्धत इतकी परकी वाटली नसती.

डोंगरउताराचं काय?

एक शंका राहते, आणि जरंडेश्वराच्या उतारावर रान असलेल्या माणसाला ती हमखास येते. उतारावर टेप जमिनीला लावून धरला तर लांबी जास्त भरते, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र कमी दिसतं. इथेही कुणी फसवलेलं नसतं. मोजणीत साखळी उताराला टेकवून धरत नसत. ती आडवी ताणून, टोकाशी ओळंबा सोडून, पायरीपायरीनं खाली उतरवत नेत. रोव्हरही आडवं अंतरच हिशेबात घेतो. म्हणजे सातबाऱ्यावर असतं ते शेत थेट वरून पाहिल्यावर जेवढं दिसेल तेवढं क्षेत्र. उताराच्या प्रत्यक्ष पाठीचं माप हे पृष्ठफळ; ते वेगळं आणि नेहमी जास्त. 30 अंशांच्या तीव्र उतारावर जमिनीला टेकवून मोजलेले 100 मीटर आडवे धरले तर 87 मीटरही भरत नाहीत.

हे अन्यायाचं वाटतं, पण शेतीच्या अंगानं पाहिलं तर तसं नाही. झाड उतारावर लावलं तरी सरळ आभाळाकडेच वाढतं, आणि सरळ पडणारा पाऊसही आडव्या मापाप्रमाणेच वाट्याला येतो. शिवाय दोन शेजारच्या शेतांचे नकाशे एकमेकांना जुळायचे तर सगळ्यांनी एकच आडवं प्रतल धरावं लागतं. नाहीतर डोंगर चढेल तसं गाव नकाशाबाहेर सांडेल. तारेचं कुंपण आणि ठिबकच्या नळ्या मात्र जमिनीच्या अंगालगत जातात. त्यांची खरेदी नकाशावरच्या मापानं केली तर वरच्या बांधापाशी पोचेपर्यंत तार संपलेली असते. तेवढ्यापुरता टेप उताराला टेकवूनच धरावा.